नसलेल्या देशाचा नकाशा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला, आणि वयाचा मान म्हणून न्यायाधीशाचें आसन माझ्याकडे आलें. वादी माझा नातू, इयत्ता नववी. प्रतिवादी त्याचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव. वादाचा विषय ऐकून वाचकांना हंसूं येईल. नकाशे काढण्याचें एक सॉफ्टवेअर विकत घ्यावें किंवा नाहीं? आणि नकाशा तरी कोणत्या देशाचा? तर जो देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नाहीं, त्याचा!

थोडा खुलासा करणें अवश्य आहे. नातू व त्याचे चार सोबती दर रविवारीं आमच्या नाशिक रोडच्या घरीं माडीवर जमतात आणि एक खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें जो खेळ प्रसिद्ध केला, त्याच जातीचा हा आहे. एक जण कथेकरी होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशीं सोंगें घेतात, आणि फांसे टाकून संकटांचा निकाल लावतात. कथेकरी विचारतो, “पुढें नदी आहे, नावाडी नाहीं, काय कराल?” सोबत्यांच्या उत्तरांतून पुढची कथा घडत जाते. हें सारें ज्या भूमीवर घडतें, तिचा नकाशा कथेकऱ्यानें करावयाचा असतो. आणि येथें कथेकरी आमचे नातू!

चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें, “अण्णा, पुढच्या वर्षीं दहावी आहे, आणि हा नसलेल्या डोंगरांवर पैसे खर्च करावयास निघाला आहे.” नातवाचें म्हणणें एवढेंच, कीं नकाशावांचून मित्रांना वाट दिसत नाहीं.

निकाल देण्यापूर्वीं मला माझें एक जुनें पाप आठवलें. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. संस्कृतच्या तासाला शेवटच्या बांकावरील एक मुलगा वहींत एका बेटाचा नकाशा काढीत असलेला मला सांपडला. बंदरें, किल्ले, रानें सर्व कांहीं त्यांत होतें. मीं तें पान टरकन् फाडलें आणि वर वर्गालाहि हंसविलें. विशेष हें, कीं त्या दिवशीं मी मेघदूतांतील वेंचा शिकवीत होतों! रामगिरीवरचा यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतो. नर्मदा, विदिशा, उज्जयिनी अशीं खरीं स्थळें घेत घेत कवि आपणांस यक्षांच्या नगरींत नेऊन पोंचवितो. शब्दांनीं काढलेला नकाशाच तो! पुराणांतील भुवनकोश तर याच्याहि पुढें जातो. मध्यें मेरु, त्याच्या भोंवतीं जंबुद्वीप, आणि सात द्वीपांना वेढणारे खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे व गोड्या पाण्याचे सात समुद्र! तुपाचा समुद्र निमूटपणें मान्य करणाऱ्या मास्तरानें मुलाच्या बेटावर संतापावें, याला काय म्हणावें? त्या मुलानें पुन्हा माझ्या तासाला कांहीं काढलें नाहीं. पण प्रश्न विचारणेंहि त्यानें सोडून दिलें.

ही हकीकत मीं घरांत प्रथमच सांगितली. चिरंजीव कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरें आहे, पण पैसे कशावर घालावयाचे, हें तरी नीट पाहूं या.” तेव्हां आम्हीं तिघांनीं मिळून पाहिलें. ज्या घरांत असा खटला उभा राहील, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून तें येथें लिहितों.

पहिला प्रश्न साधनाचा नव्हेच. नातवाला मीं चौकटींची वही दिली आणि देश आधीं हातानें काढावयास सांगितलें. त्यानें काढलेली नदी डोंगरावरून निघे आणि मध्येंच दुभंगून दोन दिशांच्या दोन समुद्रांना मिळे. मीं म्हटलें, “अरे, आपली गोदावरी आठव. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी अंतर पाहत नाहीं, उतार पाहतें. आणि आपल्या जवळची दारणा? ती गोदावरीला येऊन मिळते. वाटेंत नद्या एकत्र होतात. फुटतात त्या बहुधा मुखाशीं.” त्यानें नदी खोडली. मग इगतपुरीला धो धो पाऊस आणि सिन्नरला टंचाई असें कां, हें त्याच्या ध्यानांत आलें. डोंगराच्या पलीकडचें राज्य कोरडें झालें, आणि पाण्यासाठीं दोन राजांचें युद्ध आपोआप उभें राहिलें. कथा नकाशांतून निघाली. हें काम कोणतेंहि यंत्र त्याच्याकरितां करतें ना.

दुसरा प्रश्न, नकाशा कशाचा हवा? सबंध देशाचा हवा असेल, तर इन्कार्नेट किंवा वंडरड्राफ्ट हीं साधनें सोयीचीं. किल्ल्याचें तळघर, वाड्याच्या खोल्या असें आंतलें चित्र हवें असेल, जेथें एक चौकट पांच फुटांची धरून सोंगट्या हलवावयाच्या, तर डंजनड्राफ्ट बरें. इंग्लंडमध्यें १९९३ पासून निघणारें कॅम्पेन कार्टोग्राफर हें समर्थ खरें, परंतु त्याची रीत इंजिनियरांच्या आराखड्यासारखी आहे. तें शिकण्यास धीर लागतो, व तें चालतें विंडोजवरच.

तिसरा प्रश्न पैशाचा. इन्कार्नेट इंटरनेटवर चालतें. त्याचा थोडा भाग फुकट, पूर्णास वर्गणी. वंडरड्राफ्टची किंमत एकदाच द्यावयाची, आणि पुढें तें इंटरनेटवांचून आपल्या संगणकावर चालतें. ज्या घरीं वर्गणी भरण्याचें विसरतें, त्यांनीं हा भेद ध्यानीं ठेवावा. अझगार या नांवाचें एक साधन तर सर्वस्वीं फुकट आहे. कळ दाबतांच डोंगर, नद्या, राज्यें, रस्ते यांसह अख्खें जग समोर येतें. चिरंजीवांना तें फारच आवडलें. नातू मात्र म्हणाला, “आजोबा, देश चांगला आहे, पण माझा नाहीं.” मला मनांतून आनंद झाला. पुढें असें आढळलें, कीं त्यांत उंची आपल्या हातानेंहि घालतां येते. मग नद्या कोठून वाहतील, तें साधन सांगतें. आतां तें गुलाम झालें, धनी नव्हे.

चौथा प्रश्न आपल्या लिपीचा. घेण्यापूर्वीं प्रत्येक साधनांत ‘त्र्यंबक’ आणि ‘किल्ला’ हे दोन शब्द लिहून पाहावे. एका साधनांत, त्याचें नांव येथें सांगत नाहीं, त्र्यंबकाचे तुकडे झाले आणि किल्ल्याची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. नातू म्हणाला, “मग नांवें इंग्रजींत लिहितों.” मीं म्हटलें, “देश तुझा, मग नांवें परक्याचीं कां?” यावर उपाय सांपडला. अझगारमधील नकाशा एसव्हीजी या प्रकारानें बाहेर काढतां येतो, आणि तो इंकस्केप या फुकट साधनांत उघडून त्यावर शुद्ध देवनागरींत नांवें घालतां येतात.

पांचवा प्रश्न जतनाचा. दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. तो विरघळला तरी दुःख नसतें, कारण पुढच्या वर्षीं माती तीच, हात तेच. परंतु वर्गणी थांबतांच चार वर्षांचे नकाशे हाताबाहेर जावे, हें बरें नव्हे. म्हणून दुसऱ्या साधनांत उघडेल अशी प्रत आपल्यापाशीं ठेवावी.

निकाल असा झाला, कीं तूर्त खर्च फक्त चौकटींच्या वहीचा. वार्षिक परीक्षेनंतरहि हौस टिकली, तर वंडरड्राफ्टची किंमत अर्धी वडिलांनीं व अर्धी नातवानें खाऊच्या पैशांतून द्यावी. उभय पक्षांनीं तो मान्य केला.

रविवारीं नकाशा भिंतीवर लागला. नातवानें मला विचारलें, “आजोबा, त्या मुलाच्या बेटाचें नांव काय होतें?” मला सांगतां आलें नाहीं. विसरलों म्हणून नव्हे. फाडण्यापूर्वीं मीं तें वाचलेंच नव्हतें. नातवानें पश्चिम समुद्रांत एक लहानसें बेट काढलें आणि त्याची जागा कोरी ठेवली.

मुलांच्या वहींत भलतेंच कांहीं दिसलें, तर पालकांनीं व शिक्षकांनीं रागवावें. तो त्यांचा अधिकार आहे. पण पान फाडण्यापूर्वीं निदान एकदां वाचून पाहावें.