वरकड कामाचे मोल

कोल्हापुरात शिंप्याला ‘मास्तर’ म्हणण्याची रीत आहे. आमच्या पेठेतील अशाच एका मास्तरांकडे मी जवळजवळ तीस वर्षे कपडे शिवून घेत आलो. गेल्या दिवाळीच्या आधी विजार न्यायला गेलो आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, “मास्तर, उरलेल्या कापडाची एक पिशवी तेवढी शिवून टाका.” मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला व शांतपणे उत्तर दिले, “सर, कापड तुमचंच हाय. दोऱ्याचंबी काय न्हाई. खरं वेळ कुठला आणू?”

उभी हयात अर्थशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता यायला हवे होते. मला ते आले नाही. मी पिशवी न घेता परतलो, आणि वाटेत हिशेब करू लागलो की या तीस वर्षांत किती पिशव्या, किती आतले चोरखिसे, किती जुन्या विजारींच्या उसवलेल्या शिवणी ‘तेवढे टाका की’ या तीन शब्दांवर मी पदरात पाडून घेतल्या. तो हिशेब लागला नाही. लागला असता तर फार सुखाचा ठरला नसता.

साप्ताहिकाच्या अग्रलेखाला हा विषय क्षुल्लक आहे, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. वेतनवाढ, बोनस, किमान वेतन हे आपले नेहमीचे विषय. परंतु या सर्व विषयांत एक मालक व एक मजूर समोरासमोर उभे असतात. शिंपी, न्हावी, सायकल-दुरुस्ती करणारा, घरगुती पिको-फॉल करणारी भगिनी, पोळीभाजीचे डबे देणारी विधवा यांना मालक नाही. त्यांच्यासमोर उभे असते ते गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही-आम्हीच. म्हणूनच की काय, या विषयावर आपण फारसे बोलत नाही.

साधे गणित मांडू. एका शिंप्याकडे दिवसाकाठी पाच गिऱ्हाइके काही ना काही वरचे काम मागतात असे समजा. कोणाला कमरेत अर्धा इंच सैल हवे, कोणाला शर्टाच्या आत जादा खिसा, कोणाला उरल्या कापडाची पिशवी. प्रत्येक काम बारा मिनिटांचे धरले तर दिवसाला एक तास होतो. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस, म्हणजे तीनशे तास. रोज दहा तास मशीनवर बसणाऱ्या माणसाचे हे पुरे तीस दिवस झाले. बारा महिन्यांतला एक महिना तो फुकट राबतो, आणि हे फुकट राबणे कोणत्याही वहीत नोंदलेले नसते. त्याच्या घरातले कोणी काजे-बटणे करत असेल तर तिचा महिना वेगळा.

मराठीत मार्क्सची चर्चा करताना आपण ‘वरकड मूल्य’ हा शब्द वापरतो. कारखान्यातील वरकड श्रम मालकाच्या खिशात जातात, हे कार्यकर्त्यांना पाठ आहे. या मास्तरांचे वरकड श्रम कोठे जातात? ते पाच-पन्नास गिऱ्हाइकांत बारा-बारा मिनिटांनी वाटले जातात. कोणी एक लुटारू दाखवता येत नाही, म्हणून लूट झाली असे कोणाला वाटत नाही. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव याने १९२५ साली कौटुंबिक शेतीविषयीचे आपले विवेचन प्रसिद्ध केले. जेथे मालक आणि मजूर एकच कुटुंब असते तेथे मजुरीचा हिशेब होत नाही. पोटाची गरज भागेपर्यंत ते कुटुंब स्वतःलाच पिळत राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या व पुढे अर्धशतक त्याचे नाव घेण्याची चोरी होती, हा समाजवादाच्या इतिहासातील एक लज्जास्पद प्रसंग. तो शेतकऱ्याविषयी लिहीत होता. पण त्याचे विवेचन शिलाई मशीनलाही तितकेच लागू पडते. कारखानदाराला जादा काम करून घ्यायचे तर जादा वेळेची मजुरी द्यावी लागते. मास्तरांना ती कोणालाच द्यावी लागत नाही, म्हणून गिऱ्हाइकालाही ती मागता येत नाही.

यावर कोल्हापूरकर लगेच म्हणेल की, ‘मग काय, मिसळीवरचा कटही मोजून घ्यायचा?’ आक्षेप रास्त आहे. या गावाचा हात सैल. मिसळीच्या दुकानात कट पुन्हा मागितला तर कपाळाला आठी पडत नाही. खानावळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा भरली जाते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून देणारा मापावर थोडे वर घालतो. मला हे सारे प्रिय आहे व ते बंद व्हावे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण येथे एक भेद आहे. पातेल्यात कट तयारच असतो, आणखी एक पळी वाढण्याचा खर्च नगण्य. शिवाय ती पळी मिसळीच्या दरात आधीच धरलेली आहे. सगळ्यांना ती ठाऊक आहे आणि मागेल त्या सर्वांना ती मिळते. शिंप्याच्या बारा मिनिटांचे असे पातेले नसते. ती बारा मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी सदऱ्यातून, किंवा त्याच्या स्वतःच्या झोपेतून काढावी लागतात. रीत म्हणून सर्वांना दिलेले वेगळे, आणि जो जास्त हुज्जत घालतो त्यालाच मिळालेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात भिडस्त गिऱ्हाईक पुरे दाम मोजते आणि चिवट गिऱ्हाईक त्याच दामात दीडपट काम नेते. यात न्याय कोणता?

ही मागण्याची सवय आली कोठून, याचा विचार केला पाहिजे. बलुतेदारीत सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना सुगीला धान्याचा वाटा मिळे. काम किती करायचे याला मात्र माप नव्हते. शिंप्याची गणना बहुधा अलुतेदारांत होई, पण रीत तीच. वाटा ठरलेला व काम अमर्याद, त्यामुळे जादा काम हा उपकार नसून हक्क आहे, ही वृत्ती मागणाऱ्याच्या अंगी मुरली. महारांच्या वाट्याला तर नुसती वेठ होती. शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने खालसा केली त्यामागे हेच होते, की ज्या श्रमाला माप नाही तो श्रम गुलामीचा. आणि याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान घातले, तेव्हा स्पृश्य गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून चहा मागवीत, सोबतच्या मंडळींनाही पाजवीत. गिऱ्हाइकाच्या हाती केवढी सत्ता असते, हे त्या राजाने ओळखले होते.

न्हाव्याच्या धंद्यात आणखी एक पेच आहे. शाहूकाळात एका माणसाचे केस कापायला जितका वेळ लागे, जवळजवळ तितकाच आजही लागतो. सूत काढण्याचा, पीठ दळण्याचा, पत्र पोहोचवण्याचा वेळ यंत्राने शतपट घटवला, कात्रीचा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बोमोल यांनी १९६६ च्या सुमारास दाखवून दिले की, अशा सेवांचे दर इतर वस्तूंच्या मानाने वाढत जाणे अटळ असते. कारण त्या कारागिरालाही बाकीच्यांप्रमाणेच जगायचे असते. आपण मात्र दर वाढला की ‘माजलेत’ म्हणतो. मग दरवाढ मुकाट्याने सोसल्याची भरपाई म्हणून वर डोक्याला तेल-मालिश फुकट मागतो.

घासाघीस केव्हा होते हेही पाहण्यासारखे आहे. काम सांगताना नव्हे, तर काम झाल्यावर. कापड बेतले, शिवले, इस्त्री झाली. आता कारागिराचे श्रम त्या वस्तूत कायमचे अडकले, ते परत काढून घेता येत नाहीत. याच क्षणी गिऱ्हाईक ‘एवढे तेवढे’ काढते. नाही म्हटले तर पैसे राहतात, हो म्हटले तर वेळ जातो. गंमत अशी की कायदा येथे कारागिराच्या बाजूला आहे आणि ते त्याला कोणी सांगितलेले नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७० व्या कलमानुसार दुसऱ्याच्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्ची घालणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. त्या कलमाखालच्या उदाहरणांत चक्क एक शिंपी आहे! कापड घेऊन कोट शिवून देताना त्याने तीन महिन्यांच्या उधारीचे वचन दिले, तर मात्र कोट अडवून ठेवण्याचा त्याचा हक्क जातो. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कायदेपंडितांनी उधारीचा धोका इतक्या नेमकेपणाने जाणला होता. आमच्या पेठेत अजून ‘पुढच्या महिन्यात देतो’ चालते.

आणि हेच आपण मोठ्या मॉलमध्ये गेलो की कसे वागतो? तेथे छापील किमतीवर हूं की चूं करत नाही. सामान घालायला पिशवी मागितली तर तिचेही पैसे लावतात, ते मुकाट भरतो. जो पिशवी विकतो त्याच्याशी अदब, आणि जो पिशवी शिवतो त्याच्याशी हुज्जत. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या चार काड्या वर मागणाऱ्या मोलकरणीला मी या पंक्तीत बसवत नाही. दोघींच्या अडचणी दोघींना ठाऊक असतात. मी बोलतो आहे ते आमच्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्यांविषयी.

पेठेत दिसणारा हा व्यवहार शिवाजी उद्यमनगरात गेलो की अधिक उग्र रूपात भेटतो. तेथे दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा लघुउद्योजक हाही एक मास्तरच. बड्या कंपनीचा खरेदी-अधिकारी नमुन्याचे नग फुकट करून घेतो, ठरल्याहून बारीक फिनिशिंग मागतो, एखाद्या नगात खोट निघाली की सगळ्या बिलातून वजावट करतो, आणि उरलेले पैसे तीन-तीन महिने देत नाही. इचलकरंजीतही तेच. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग बसवला. आज त्या गावचा ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन पीकमागे मजुरीवर कापड विणतो, आणि कापडातील दोषाची वजावट किती हे बहुधा व्यापारीच ठरवतो. २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याने पंचेचाळीस दिवसांची कमाल मुदत घातली, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले. सतरा वर्षांनी, २०२३ च्या वित्त कायद्याने, वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला करासाठी खर्च म्हणून दाखवता येणार नाही अशी तरतूद केली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. परिणाम काय? नोंदणी नसलेल्या कारागिराकडे काम वळवण्याच्या धमक्या सुरू झाल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. कायदा कारागिराला हक्क देतो, पण पुढची ऑर्डर देत नाही.

म्हणून एकट्याने ‘नाही’ म्हणणे हा उपाय नव्हे. ज्या शिंप्याने पिशवी नाकारली त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. सर्वांनी मिळून म्हटले तरच ते टिकते. पण येथे २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येतो. एकाच धंद्यातील लोकांनी मिळून दर ठरवले की ते स्पर्धेला बाधक आहे असे हा कायदा गृहीतच धरतो. मग ते सिमेंटचे कारखानदार असोत की केशकर्तनालयांची संघटना. उलट एका बड्या खरेदीदाराने शंभर कारागिरांवर एकच अट लादली, तर ती जाचक ठरवण्यासाठी आधी त्याचे बाजारपेठेतील वर्चस्व सिद्ध करा! कामगारांना संघटित वाटाघाटीचा हक्क मिळवायला एक शतक लढावे लागले. स्वतःच्या मशीनवर राबणाऱ्याला तो हक्क अजून नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो ‘उद्योजक’ आहे. इतर देशांनी हे ओळखले आहे. ऑस्ट्रेलियाने जून २०२१ पासून वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असलेल्या लहान व्यावसायिकांना एकत्र वाटाघाटी करण्याची मोकळीक दिली. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये एकटेच काम करणाऱ्या स्वयंरोजगारितांच्या सामूहिक करारांना स्पर्धा कायद्याचा अडसर कोठे येणार नाही, हे स्पष्ट केले. असा अपवाद आपल्या कायद्यात करून घेणे हे संसदेतील आपल्या मित्रांचे काम आहे, आणि त्यासाठी आकाशपाताळ एक करावे लागेल असेही नाही.

तोवर मास्तरांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली आहे. दुकानात एक पाटी लावली. तीवर शिलाईच्या दरांखाली जादा खिसा, कंबर सैल-घट्ट करणे, पिशवी यांचे वेगळे दर लिहिले. माप घेतानाच ते विचारतात, ‘आणि वरचं काही हाय का? आत्ताच सांगा.’ कापायच्या आधी ठरते, त्यामुळे नंतरची हुज्जत बरीच कमी झाली. शेजारच्या म्हातारीच्या चोळीचे काम ते पावतीवर पूर्ण दराने लिहितात व तिच्यासमोर रेघ मारून खाली ‘माफ’ लिहितात. हे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “फुकट दिलं की किंमत जाती, सर. माफ केलं की राहती.”

पाटीवर पिशवीचा दर चाळीस रुपये आहे. मागच्या तीस वर्षांचे देणे त्याने फिटत नाही. मी दोन सांगून आलो आहे.