न दिसणारा अंतर्गळ

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे व माडांवर चढणारे लोक आम्ही नित्य पाहतो. भार वाहणे व झाडावरून पडणे ही सुश्रुताने सांगितलेली अंत्रवृद्धीची कारणे त्या वेळी हटकून आठवतात. अंत्रवृद्धि म्हणजेच अंतर्गळ, हल्लीच्या बोलण्यातील हर्निया. जांघेतला प्रकार वाचकांस ठाऊक असेलच; परंतु बेंबीखाली, पोटाच्या सरळ स्नायूच्या बाहेरील कडेस होणारा एक प्रकार फार विरळा, शंभरांत एखाद-दुसरा. तेथील रेषेस स्पीगेल (१५७८–१६२५) या शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. रोगाचे वर्णन क्लिंकोश याने १७६४ साली केले. यात आतडे आतले थर भेदून बाहेरच्या पडद्याखालीच दडते. फुगवटा बहुधा दिसत नाही आणि घरोघर वायगोळा समजून ओवा व शेक चालू राहतो! छिद्र अरुंद, म्हणून आतडे अडकून कुजण्याचे भय मोठे. रुग्णास उभे करून, खोकावयास लावून सोनोग्राफी करावी. संशय उरल्यास सी. टी. स्कॅन. निदान ठरल्यावर पट्टा बांधून दिवस काढणे आम्हांस मुळीच मान्य नाही. दुर्बिणीने अथवा छेद घेऊन आतडे स्वस्थानी नेतात, छिद्र शिवतात व बहुधा जाळी बसवितात. कळ थांबेना, ओकाऱ्या होऊ लागल्या व वारा सरेनासा झाला, तर रात्र असली तरी रुग्णास शस्त्रवैद्याकडे न्यावे.