घोषणेपेक्षा पडताळणी मोलाची

फेब्रुवारी २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मायोराना १’ ही चिप जगापुढे मांडली आणि क्वांटम संगणक हाकेच्या अंतरावर आल्याचा गाजावाजा झाला. या जयघोषात सूर मिसळण्यापूर्वी थोडा विचार करणे आवश्यक आहे.

क्वांटम संगणकाचा मूलघटक म्हणजे क्युबिट. अतिसंवाहक मंडलांतून घडवलेले क्युबिट वेगवान असतात. परंतु बाहेरच्या किंचित उपद्रवानेही त्यांतील माहिती विस्कटते. अलेक्सी किताएव्ह यांनी २००१ साली निराळी वाट दाखवली. माहिती एका जागी न ठेवता तारेच्या दोन टोकांत विभागून ठेवावी, म्हणजे एका टोकावरचा आघात तिला पुसू शकणार नाही. हा टोपॉलॉजिकल क्युबिटचा गाभा. मात्र सर्व गणनक्रिया केवळ या सुरक्षित मार्गाने होत नाहीत. म्हणून २०११ साली संशोधकांनी संकरित रचना सुचवली : जतन टोपॉलॉजिकल क्युबिटने करावे, क्रिया व वाचन अतिसंवाहक क्युबिटने.

कल्पना सुंदर आहे. पण पाया सिद्ध झाला आहे काय? डेल्फ्ट येथील गटाने २०१८ साली ‘नेचर’मध्ये मायोराना अवस्थेचा भक्कम पुरावा दिल्याचा दावा केला. त्याच गटात पूर्वी काम केलेल्या शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी मागवून तपासल्या आणि २०२१ साली तो लेख मागे घ्यावा लागला. २०२५च्या शोधनिबंधासोबतही ‘नेचर’ने स्पष्ट केले, की यातील निष्कर्ष हा मायोराना अवस्थेचा पुरावा नव्हे.

यातून भारताने काय घ्यावे? केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. ऑगस्ट २०२४मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने सहा क्युबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. हे यश लहान दिसेल. पण ते आपल्या हातांनी घडवलेले आहे. उद्या क्युबिटच्या संख्येवरूनच अभियानाचे मूल्यमापन होऊ लागले, तर प्रयोगशाळा आकड्यांमागे धावतील आणि शुद्ध पदार्थनिर्मिती, अतिशीत यंत्रणा ही अवघड कामे मागे पडतील. संकरित क्युबिटची खरी कसोटी तर अर्धसंवाहक आणि अतिसंवाहक यांच्या निर्दोष सांध्यातच आहे.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाच्या मूळ नोंदी इतरांना तपासता आल्या पाहिजेत. शंका घेणारा तरुण संशोधक हा देशाच्या प्रतिष्ठेचा वैरी नव्हे, तिचा रक्षक होय. स्वावलंबनाची इमारत उभी राहायची, तर ती सत्याच्या पायावरच राहील.