मामांची जावा

मागल्या रविवारी आम्ही खडकीला मामांकडे गेलो होतो. मामांना जाऊन चार वर्षे झाली, तरी आमच्या तोंडी अजून 'मामांकडे' असेच येते. दारात चपला काढतो न काढतो तोच मामेभाऊ म्हणाला, "दादा, बरे झाले आलात. जावाचे काय करायचे ते सांगा. सकाळीच एक माणूस येऊन गेला. पाहिल्या पाहिल्या पैसे मोजायला तयार होता." मामी आत चहा टाकत होती. ती काही बोलली नाही. पण भांडे जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

जिन्याखाली गोणपाटाखाली ती गाडी उभी आहे. आम्ही गोणपाट काढले. चार वर्षांची धूळ, एका चाकात हवा नाही, मडगार्डवर गंजाचे ठिपके. मामेभावाने फडके ओले करून टाकीवरून एक हात फिरवला, आणि धुळीखालून तो गडद तपकिरी-लाल रंग वर आला. टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे चकचकीत गाल, त्यावर गुडघे टेकायला काळ्या रबराच्या पट्ट्या. आम्ही दोघेही थोडा वेळ गप्पच उभे राहिलो.

मामा कारखान्यात टर्नर होते. १९६९ सालची ही गाडी त्यांनी १९७८ मध्ये जुनीच घेतली, सोसायटीचे कर्ज काढून. आमच्या घराण्यात तोवर सायकलच्या पुढे कोणी गेले नव्हते. त्या चाळीत ती पहिली मोटारसायकल. मग ती मामांची एकट्याची राहिलीच नाही. कुणाला कळा सुरू झाल्या की जावा, कुणाचा मुलगा परीक्षेला उशिरा निघाला की जावा, रेशनचे पोते आणायचे तरी जावा. आमच्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांना स्टेशनवरून दोन खेपांत आणले ते याच गाडीवरून.

आता थोडे या गाडीच्या कुळाविषयी. जावा हे नाव आग्नेय आशियातल्या बेटावरून आले असेल असे आम्हाला लहानपणी वाटे. तसे नाही. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक नावाचे शस्त्रे बनवणारे कारखानदार होते. १९२९ मध्ये त्यांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' मिळून झाले यावा. आपण त्याचे जावा केले. पुढे महायुद्धात जर्मनांनी तो देश व्यापला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी लपूनछपून नव्या गाडीचा आराखडा तयार केला आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. मामांच्या जावाची घडण त्याच वळणाची आहे.

आपल्याकडे ती आणली रुस्तम आणि फारूख इराणी यांनी. म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना निघाला आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ मध्ये नाव बदलून येझदी झाले. इराणमधल्या यझ्द शहरावरून ते घेतले, असे सांगतात. गंमत अशी की चेक भाषेत 'येझदी' म्हणजे 'चालते'. नाव कुठूनही आलेले असो, गाडी चालली मात्र खरी.

आता या गाडीत सुंदर म्हणावे असे काय आहे? मामेभाऊ म्हणतो, "दादा, जुने म्हणून तुम्हाला गोड लागते." तसे असते तर जिन्याखालची मोडकी शिवणयंत्राची पेटीसुद्धा गोड लागली असती. आम्ही त्याला गाडीजवळ बसवले आणि डाव्या पायाशी असलेला दांडा दाखवला. इतर गाड्यांना किक मारायचा दांडा वेगळा आणि गिअरचा वेगळा. जावाला दोन्ही कामांना एकच दांडा. तो आत दाबून मागे उभा फिरवला की झाली किक. गाडी सुरू झाली की पुन्हा पुढे आडवा आणायचा, झाला गिअर. शिवाय गिअर टाकण्यासाठी पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो. मामांना एकदा डाव्या हाताला प्लास्टर होते, तरी त्यांनी गाडी घरापर्यंत आणली होती. अर्थात त्यावरून मामीने त्यांना काय काय ऐकवले ते इथे लिहीत नाही.

दुसरे पाहा. मागच्या चाकाची साखळी पूर्ण पत्र्याच्या पेटीत झाकलेली. बघायला नीटस दिसते हे खरे, पण मुख्य म्हणजे वंगण आत राहते, धूळ बाहेर राहते, आणि एका अंगाला बसलेल्या मामीच्या नऊवारीला तीस वर्षांत काळा डाग लागला नाही. स्पीडोमीटर पुढच्या दिव्याच्या खोबणीतच बसवलेला, म्हणून हँडलवर पसारा नाही. कार्ब्युरेटरसुद्धा इंजिनाच्याच आकारात झाकून घेतलेला. सगळे गोल, सलग, जणू एकाच पत्र्यातून हाताने ओढून काढलेले. नुसत्या शोभेसाठी लावलेली वस्तू या गाडीवर शोधावी लागते. टर्नर माणसाला ती का आवडली हे आम्हाला आता कळते. मामा लेथवर उभे राहून जे दिवसभर करीत, त्याच जातीचे काम त्यांना तिच्यात दिसत असणार.

आणि आवाज. २४९ सीसीचे एकच सिलिंडर, पण त्यातून दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर निघतात. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. दट्ट्या वरखाली होताना स्वतःच झरोके उघडतो आणि मिटतो. बुलेटचे उलट. ती फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांना एक स्फोट, दट्ट्याची धाव तब्बल ९० मिलिमीटर आणि वजनदार फ्लायव्हील. म्हणून ती सावकाश धप्-धप् करीत येते. जावा उभी असताना मधूनच एखादा ठोका गाळते आणि पुढचा घाईने घेते. दिवाणखान्यातले घड्याळ नव्हे, दमून आलेल्या माणसाचा श्वास. मामा कोपऱ्यावर वळले की आम्ही मुले त्या आवाजावरून पुस्तके उघडून बसत असू.

बुलेटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. ती मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ पासून मद्रासला बनू लागली. विलायतेतले उत्पादन नंतर थांबले, पण मद्रासचे कामगार तीच गाडी बनवीत राहिले, आणि पुढे ती इथून विलायतेला जाऊ लागली. राजदूतचे कूळ पोलंडचे. तिला कुणी सुंदर म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही, पण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती ज्या रस्त्यांनी गेली तिथे बैलगाडीसुद्धा कुरकुरायची.

या गाड्यांचे अवगुणही सांगायलाच हवेत. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, लिटरला चाळीसएक मिलिलिटर. ते जळते आणि मागे निळा धूर सोडते. आज गल्लीत अशा दहा गाड्या रोज फिरू लागल्या तर लहान मुलांच्या छातीला ते बरे नाही. सायलेन्सरच्या आतल्या नळीत काजळी साठते. ती काढून भाजावी लागते. मामा ते काम मामीच्या कोळशाच्या शेगडीवर करीत, आणि त्या दिवशीच्या भाकरीला राजदूतच्या दुधवाल्यानेसुद्धा तोंड लावले नसते. पेट्रोलही बरेच पिते. म्हणूनच १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली, पेट्रोल भरा आणि विसरा म्हणाली, तेव्हा पगारदार माणूस तिच्याकडे वळला. त्याला दोष कसा द्यावा? पुढे धुराचे नियमही कडक झाले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावाचे नाव घेऊन २०१८ मध्ये नवी गाडी बाजारात आली, दिसायला बरीचशी तशीच. पण ती फोर-स्ट्रोक आहे आणि कारखाना वेगळा. ज्या हातांनी मामांची गाडी जोडली ते हात १९९६ मध्येच रिकामे झाले होते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात क्रोम चमकते तेव्हा आम्हाला या गोष्टीची आठवण होते, आणि तिथे तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही याचे वाईट वाटते.

आता सकाळच्या त्या माणसाविषयी. अशी माणसे हल्ली वस्त्यांतून, खेड्यांतून फिरत असतात. जिन्याखाली, गोठ्यात, पडवीत कुठे जुनी गाडी आहे याचा त्यांना बरोबर सुगावा लागतो. भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देतात, घरातल्या लोकांना वाटते अडगळ गेली. पुढे हीच गाडी रंगरंगोटी होऊन कितीतरी पटींनी विकली जाते. विकायची नाही असे आम्ही म्हणत नाही. घरात जागा नसते, पोरांच्या फीची तारीख थांबत नाही. पण विकायचीच तर काय विकतो आहोत हे कळून विकावी. आरसी बुक आधी शोधा. ते नसेल तर भाव पडतो आणि पुढे कटकट वेगळीच. गाडी दिली तर नाव बदलून झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय गप्प बसू नका, नाहीतर दुसऱ्याच्या अपघाताचे समन्स तुमच्या दारात येते.

ठेवायची असेल तर तीही वाट आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. पन्नास वर्षांपुढच्या गाडीसाठी २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी काढली आहे. तिची पाटी वेगळी, मुदत दहा वर्षांची, पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आणि तिचे मूळ रूप बदललेले चालत नाही. म्हणून आमची एकच विनंती: उत्साहाच्या भरात मूळ टाकी, मूळ दिवा, मूळ मडगार्ड काढून भंगारात देऊ नका. गंजलेला मूळ पत्रा नव्या चकचकीत पत्र्यापेक्षा मोलाचा असतो.

चहा झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावले. वय सत्तरीच्या पुढे. मामांची गाडी यांनीच सांभाळली. त्यांचा मुलगा शोरूममध्ये कामाला आहे, यंत्राला वायर जोडून संगणकावर बिघाड वाचतो. "त्याला जावा दिली तर तो वायर कुठे लावायची ते शोधत बसेल," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खाली बसला. आधी टाकीतले सडलेले पेट्रोल काढले. त्याला व्हार्निशसारखा वास येत होता. प्लग काढून इंजिनाला टेकवून धरला, मामेभावाला किक मारायला लावली. ठिणगी नाही. मग त्याने झाकण काढून पॉइंट बघितले, बारीक पॉलिश पेपरची घडी त्यात घालून दोन-तीनदा ओढली. तोंडाने फुंकर मारली. "मार आता."

जिन्याखालच्या अंधारात निळी ठिणगी उडाली. मामेभावाने आणखी दहा-बारा वेळा किक मारली, नुसती ठिणगी बघायला. ज्याला सकाळी गाडी विकायची होती तोच हा.

गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही. पेट्रोलची नळी तडकली आहे, टाकीत आतून गंज आहे, आणि मिस्त्री म्हणाले की इंजिनाची तेलसीलही नव्याने टाकावी लागतील. येत्या रविवारी आम्ही दोघे नाना पेठेत जाणार आहोत, तिथे मिळतात का बघायला. निघताना आम्ही मामीला विचारले, त्या माणसाने फोन नंबर दिला होता तो कुठे आहे? मामीने चहाच्या डब्याखालून कागद काढून दाखवला आणि पुन्हा डब्याखाली ठेवला. फाडला नाही, दिलाही नाही.