भाकीत खरं ठरलं म्हणजे देव खरा?



वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा खारघर स्टेशनाबाहेर कधीतरी एखादी छोटी पुस्तिका तुमच्या हातात पडली असेल. मजकूर साधारण ठरलेला: बायबलातली शेकडो भाकितं तंतोतंत खरी ठरली, सबब बायबल देवाचं वचन, सबब विश्वास ठेवा. पुस्तिका वाटणारी माणसं बहुधा सौजन्यानं बोलतात. त्यांच्या अंगावर धावून जाणारे आमचे कोणी नव्हेत. धर्मप्रसाराचा हक्क त्यांना राज्यघटनेच्या २५व्या कलमानं दिला आहे आणि तो त्यांच्याकडेच राहावा. आमचं भांडण त्या ‘सबब’शी आहे.

या खटल्यातला पहिला साक्षीदार शेजारीच, पनवेलला आहे. तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. ते बांधणारे बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. यशया, मीखा, दानीएल हे सगळे संदेष्टे मुळात त्यांचे. मधल्या शतकांत हिब्रू ग्रंथ त्यांच्या हातून सुटले होते. ते परत हाती देण्यात मिशनऱ्यांचा मोठा वाटा. १८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सनने १८३२ साली चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आपले संदेष्टे या लोकांनी वाचले की त्यांना त्यांत येशू दिसेलच, असा मिशनऱ्यांचा हिशेब. बेने इस्राएलांनी मिशनच्या शाळांत शिकून घेतलं, संदेष्टे वाचले, आणि अधिक पक्के ज्यू झाले. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. ज्यांच्या घरची ही कागदपत्रं, त्यांनाच त्यांत तो अर्थ दिसला नाही, तर घणसोलीच्या माणसाला तो पाच मिनिटांत कसा दिसावा?

आता कागदपत्रंच पाहू. यशयाच्या ७व्या अध्यायातलं मूल जन्मणार असल्याचं भाकीत नाताळात सगळीकडे ऐकू येतं. पण त्या अध्यायात यहूदाचा राजा आहाज भेदरलेला आहे. अराम आणि एफ्राईमच्या राजांनी यरुशलेमवर चाल केली आहे. काळ इसवी सनापूर्वी ७३५च्या आसपासचा. यशया त्याला सांगतो की मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच हे दोन्ही देश ओस पडतील. ज्याच्या दाराशी शत्रू उभा आहे, त्याला सातशे वर्षांनंतरच्या येशूच्या जन्माचा काय दिलासा?

सोर नगराचं भाकीत तर प्रचारकांचं लाडकं. यहेज्केल २६व्या अध्यायात नाव घेऊन सांगतो: बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर येईल, तट पाडेल, नगर लुटेल, आणि ते पुन्हा कधी वसणार नाही. नबुखद्नेस्सराने तेरा वर्षं वेढा घातला, पण लूट हाती लागली नाही. हे आम्ही म्हणत नाही. यहेज्केलच २९व्या अध्यायात म्हणतो की सोरापायी राजाचं सैन्य राब राब राबलं, मोबदला काहीच मिळाला नाही, म्हणून आता देव त्याला मिसर देईल. भाकीत हुकल्याची कबुली त्याच ग्रंथात, तीन अध्याय पुढे! यावर उत्तर मिळतं की सुमारे अडीचशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी ३३२मध्ये, सिकंदराने सोर घेतलंच ना? घेतलं. पण मग नबुखद्नेस्सराचं नाव कशाला घेतलं होतं? आणि ‘कधी वसणार नाही’ त्याचं काय? नव्या करारातच प्रेषित पौल त्या सोरात शिष्यांकडे सात दिवस राहतो. आज लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर ते भरवस्तीचं शहर आहे.

दानीएलच्या ११व्या अध्यायात सीरियाच्या अंतियोखस राजाच्या स्वाऱ्यांचा तपशील अचूक आहे. त्याचा मृत्यू मात्र चुकला आहे. समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या मधे मरायचा तो इसवी सनापूर्वी १६४मध्ये तिकडे इराणात मेला. म्हणूनच बहुतेक अभ्यासक मानतात की लिहिणारा घडून गेलेलं लिहीत होता आणि जिथे खरंच पुढचं सांगायची वेळ आली तिथे फसला. आकडा फुटल्यावर खिशातून चिठ्ठी काढणारा मटकेवाला मुंबईला नवा नाही.

कधी कधी तर घटनाच भाकिताच्या मापाने बेतलेली दिसते. येशू यरुशलेमात येतो तेव्हा मार्क, लूक, योहान एकच जनावर सांगतात. मत्तय मात्र गाढवी आणि शिंगरू अशी दोन आणतो, कारण जखऱ्याच्या भाकितात त्याने दोन वाचली. १९४८ सालचं इस्राएल राष्ट्रही भाकितांच्या यादीत असतं. ते उभारणाऱ्यांना ही वचनं पाठ होती, आणि त्यांनी त्यासाठी पिढ्यानपिढ्या खटपट केली. आपल्या कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएलांना मात्र, लग्नासाठी आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला १९६४पर्यंत झगडावं लागलं. ते कुठल्या अध्यायात?

हिंदू वाचकांनी यात गुदगुल्या करून घेऊ नयेत. भविष्यपुराणाच्या छापील प्रतीत अकबर आहे, इंग्रज आहेत, राणी व्हिक्टोरियाही आहे. हा मजकूर केव्हा घुसला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ज्योतिषाचीही परीक्षा आपल्याकडे झाली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका जमवल्या आणि कोणती कुणाची ते ज्योतिषांना ओळखायला लावलं. उत्तरं पाठवणारे २७ ज्योतिषी सरासरी ४६ टक्के बरोबर निघाले. नाणं उडवलं असतं तरी पन्नास निघाले असते. तिथे उत्तर आधी बंद होतं आणि बरोबर-चूक काय हे आधी ठरलं होतं. बायबलच्या एका तरी भाकिताला ही अट लावून दाखवा.

‘मग इतकी शहाणी माणसं ख्रिस्ती झाली ती उगीच?’ उगीच नव्हे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका साहेबाने नवा करार दिला आणि सांगितलं, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं, नावानिशी आणि मुदतीत! म्हणून तो साहेब संदेष्टा झाला काय? टिळकांना धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने: शत्रूवर प्रेम, दीनांचा मान. ते पटलं तर माणसाने जरूर ख्रिस्ती व्हावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि त्याला सोराच्या तटांची साक्षही लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी स्टेशनाबाहेर पुस्तिका मिळाली तर ती नम्रपणे घ्या, आणि देणाऱ्याला विचारा: यहेज्केलचा २६वा आणि २९वा अध्याय आपण दोघं इथेच, उभ्या उभ्या, एकापाठोपाठ एक वाचू या का?

– एक नवी मुंबईकर वाचक