समुद्रकाठचा सामाईक नळ

आपल्या समाजातील कुटुंबांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव आणि उन्हाळ्यात गावाकडची लग्ने. हा प्रवास श्रद्धेचा आणि कर्तव्याचा आहे, तो व्हायलाच हवा. पण बायकामुलांना घेऊन चार दिवस नुसते विसाव्याला जायचे म्हटले, की घरातली वडीलधारी माणसे विचारतात, ही चैन आपल्याला कशाला? आमचे मत निराळे आहे.

बाबासाहेबही १९३४ साली सहलीला निघाले होते. बरोबर तीसएक सहकारी होते आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. वाटेत अडवणूक नको म्हणून मुक्कामाची ठिकाणे सोडून कोठेही आपली ओळख सांगायची नाही, असे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने भरलेले हातपाय धुवायला मंडळी टाक्यावर गेली आणि पाणी बाटवले म्हणून स्थानिक लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारी शिपाई देऊन, वर कोणी कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. तेव्हा सहल ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. मुक्कामाला जागा आणि प्यायला पाणी, हे दोन प्रश्न तिच्याबरोबर कायम होते.

ते आज संपले, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी कोकणात एका ठिकाणी आम्ही खोलीसाठी दूरध्वनी केला. खोली रिकामी होती. मग आडनाव विचारले, गाव विचारले आणि दहा मिनिटांनी उलट निरोप आला की सर्व खोल्या भरल्या आहेत. समजणाऱ्याने समजून घ्यावे.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या एप्रिलमध्ये जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आमचा भाचा सिडनीला नोकरीस आहे. पतपेढीत दोन वर्षे पैसे साठवून आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे गेलो. तेथील शाळांना सुट्ट्या होत्या. त्याने सिडनीच्या दक्षिणेला मोटारीने तीनेक तासांवर जर्व्हिस बे नावाच्या उपसागराकाठी, हस्किसन या गावात, चार दिवसांचा मुक्काम ठरवला. हॉटेलात नव्हे, कॅरॅव्हॅन पार्कमध्ये.

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. ज्यांच्याकडे ते असते ते येथे येऊन आखून दिलेल्या प्लॉटवर उभे करतात आणि शेजारच्या खांबावरून वीज घेतात. ज्यांच्याकडे नसते ते तंबू ठोकतात किंवा आमच्यासारखे लाकडी केबिन भाड्याने घेतात. कार्यालयात फक्त माणसे किती आणि गाडीचा क्रमांक काय, एवढेच विचारले. सकाळी दहाला जागा सोडायची, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, हे नियम सर्वांना सारखेच. शाळेच्या सुट्टीत दर चढतात, म्हणून लोक कित्येक महिने आधी जागा राखून ठेवतात. तरीही स्वतः स्वयंपाक केला, तर हॉटेलच्या मानाने खर्च बराच कमी येतो. वाणिज्य शाखेचे शिक्षण झाल्यामुळे हा हिशेब आम्ही तपासून पाहिला.

आमच्या लक्षात राहिला तो तेथील सामाईक कारभार. दोन प्लॉटमध्ये मिळून एक नळ. कपडे धुण्याची यंत्रे सर्वांची. मधोमध एक मोठे उघडे स्वयंपाकघर, त्यात विजेवर तापणारे सपाट तवे, सिंक आणि लांब बाके. बस चालवणारा, नळकाम करणारा, शाळेत शिकवणारी अशी सगळी माणसे एकाच तव्यावर पाळीपाळीने शिजवत होती. आपले झाले की तवा घासून पुसून पुढच्याला द्यायचा. तव्याशी उभे राहणारे बहुतेक पुरुष होते, हे आमच्या घरातील महिलांच्या नजरेतून सुटले नाही. पहिल्या संध्याकाळी सवयीने आमची बहीण पीठ मळायला उठली, तेव्हा भाचा म्हणाला, "आई, तू बस. इथे मामा आणि मी करणार." चार दिवस आम्ही दोघांनीच रांधले. भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, पण बहीण आणि मुलांची आई रोज सायंकाळी वाळूत अनवाणी चालून आल्या. "लग्नानंतर प्रथमच भांड्यांचा विचार डोक्यात नाही," असे मुलांची आई म्हणाली. लग्नाला अठरा वर्षे झाली आहेत. बांधवांनी या वाक्याचा विचार करावा.

चौदा एप्रिल त्याच मुक्कामात आला. बाकावर निळे कापड अंथरून बाबासाहेबांची तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि खीर केली. शेजारच्या तव्यावरील एका वृद्ध गृहस्थांनी चौकशी केली. भाच्याच्या दहा वर्षांच्या मुलीने त्यांना सांगितले, "आमच्या लोकांना तळ्यातले पाणी पिऊ देत नव्हते. यांनी ते पिऊन दाखवले." गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे पोहण्याचा तलाव होता."

ते बोलले तो इतिहास असा. न्यू साउथ वेल्स राज्यातील मोरी या गावी ॲबोरिजिनल, म्हणजे त्या देशाच्या मूळ रहिवाशांना, सार्वजनिक तलावात पोहण्यास बंदी होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बस घेऊन गावोगाव निघाले. त्यांचे पुढारी चार्ल्स पर्किन्स स्वतः ॲबोरिजिनल होते. त्यांनी मोरीच्या मुलांना घेऊन तलावाचे दार गाठले, जमावाचा रोष सोसला आणि अखेर बंदी उठली. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. दोन टोकांच्या दोन देशांत भांडण मात्र पाण्याचेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही जवळचे बूडरी राष्ट्रीय उद्यान पाहिले. पांढरी शुभ्र वाळू, निवळशंख पाणी, झाडीत चरणारे कांगारू. प्राण्यांना खाऊ घालायचा नाही आणि कुत्री आत न्यायची नाहीत, असा दंडक आहे. समुद्रात ओढ असते, म्हणून जीवरक्षक असतील तेथे त्यांच्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच उतरावे, हे मुलांना आधी बजावले. पण या उद्यानाचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. ही जमीन रेक बे येथील ॲबोरिजिनल समाजाच्या मालकीची आहे. बऱ्याच लढ्यानंतर १९९५ साली ती त्यांना परत मिळाली. त्यांनी ती सरकारला उद्यानासाठी भाड्याने दिली आहे आणि कारभार पाहणाऱ्या मंडळावर बहुमत त्यांचे आहे. १९९८ साली उद्यानाला त्यांच्या भाषेतील बूडरी हे नाव मिळाले. ज्यांना हुसकावले ते आज घरमालक आहेत आणि सरकार भाडेकरू!

याचा अर्थ तेथे सारे आलबेल आहे, असा नाही. नौदलाच्या अग्निशामक फेसातील रसायने त्यांच्या ओढ्यात आणि जमिनीत उतरली. त्यावर खटला झाला आणि २०२३ साली सरकारने दोन कोटी वीस लाख डॉलरवर तडजोड केली. जमीन मिळाली तरी पाण्यासाठी पुन्हा कोर्टात जावे लागते, हा धडा आपणही लक्षात ठेवावा.

एवढ्या लांब जाणे सर्वांना शक्य नाही, आम्हालाही ते पुन्हा जमेल असे नाही. तशी गरजही नाही. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आपली कान्हेरी आहे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि भिक्खूंसाठी कोरलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी त्यांना दाने दिल्याचे शिलालेख आहेत. खाडीपलीकडे गोराईचा समुद्रकिनारा आहे. त्याच उद्यानात आदिवासींचे पाडेही आहेत. त्या जंगलाचे घरमालक कोण, हा प्रश्न लेणी पाहून परतताना मुलांना जरूर विचारावा.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. उद्या कोकणात अशी पार्के निघतील. तेथील दारावर आडनाव विचारले जाणार का, हे आजच पाहिले पाहिजे. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये हॉटेले, विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे एकापाठोपाठ येतात. मुक्काम आणि पाणी हा एकच प्रश्न आहे, हे तेथे लिहून ठेवले आहे. कोणी जागा नाकारली, तर गप्प न बसता तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लिहून ठेवावेत आणि तक्रार करावी.

प्रत्येक विहाराच्या मंडळाने वर्षातून एक सहल काढावी, अशी आमची सूचना आहे. दरमहा प्रत्येक कुटुंबाने थोडे पैसे वेगळे ठेवावेत. हिशेब फलकावर लावावा. स्वयंपाक पुरुषांनी करावा आणि त्या दोन दिवसांत महिलांना भांड्याला हात लावू देऊ नये. भाकरी वाकडी झाली, तरी चालेल.