वेरूळच्या हत्तीला नवी सोंड का बसवू नये? रोममधल्या एका चुकलेल्या हाताची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या कैलास लेणीत (क्रमांक १६) पर्यटक प्रांगणातल्या दगडी हत्तीजवळ हमखास थांबतात. हत्ती भव्य आहे, पण सोंड तुटलेली. मग प्रश्न येतोच : एवढं तंत्रज्ञान असताना नवी सोंड का बसवत नाहीत?

रोममध्ये काय घडलं?

१५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात ‘लाओकून’ हे प्राचीन ग्रीक शैलीचं संगमरवरी शिल्प सापडलं. ट्रॉयचा पुजारी लाओकून आणि त्याच्या दोन मुलांना सापांनी विळखा घातला आहे, असं हे दृश्य. पुजाऱ्याचा उजवा हात मात्र गायब होता. तो मागे वळलेला असावा, असं मायकेलँजेलोचं मत असल्याचं सांगितलं जातं. तरीही पुढे वर ताणलेला, सरळ हात बसवण्यात आला. जगभर गेलेल्या अनेक प्रतिकृतींमध्येही तोच हात दिसतो.

१९०६ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक लुडविग पोलाक यांना रोममध्येच संगमरवरी हाताचा एक तुकडा मिळाला. हा हात कोपरात वाकलेला होता. व्हॅटिकनने तो मूळ शिल्पाला जोडला, पण थेट १९५० च्या दशकात. म्हणजे चारशे वर्षं लोक चुकीचा हात पाहत होते.

वेरूळला हे का लागू पडतं?

कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानलं जातं. दगडावर दगड रचून नव्हे, तर अखंड कातळ वरून खाली कोरत ते घडवलं आहे. तिथे बाहेरचा दगड आणून सोंड चिकटवली, तर ज्यासाठी जग वेरूळला येतं तेच वैशिष्ट्य पुसट होईल. शिवाय मूळ सोंडेची नेमकी ठेवण कशी होती, हे ठरवणार कोण?

१९६४ ची व्हेनिस सनद सांगते की, अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. गळती रोखणं, तडे सांभाळणं हे आवश्यकच आहे. पण ती देखभाल झाली. नवा अवयव बसवणं हा अंदाज.

मग पर्यटकांनी अपूर्णच पाहायचं?

तसं नाही. थ्रीडी स्कॅन करून हत्तीजवळ क्यूआर कोड लावता येईल. मोबाईलवर सोंडेसह हत्ती दिसेल, हवं तर दोन-तीन शक्यताही दाखवता येतील. उद्या नवा पुरावा मिळाला तर फाईल बदलता येते, दगड बदलता येत नाही.

तोवर आपल्या हातात एक काम आहे : जे शाबूत आहे ते तुटू न देणं. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सेल्फीसाठी शिल्पावर चढण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.